हेलपाटा कोण मोजणार?

“उचल शंभर टक्के.” धान्यपुरवठ्याच्या कुठल्याही आढावा बैठकीत हे शब्द ऐकू येतात आणि बसलेले सगळे समाधानाने मान डोलावतात. ज्या मैत्रिणींचा पुरवठा शाखेशी फारसा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडे उलगडून सांगते. सरकार दर महिन्याला तालुक्या-तालुक्याला धान्य मंजूर करते, त्याला म्हणतात नियतन. ते गोदामातून ट्रकमध्ये चढले की झाली उचल. दुकानात उतरले आणि यंत्रावर अंगठे उमटले की झाले वितरण. उरले ते शिल्लक. या चार रकान्यांत अख्ख्या जिल्ह्याची भूक बसवलेली असते. यात बाई कुठे आहे? तिसऱ्या रकान्यात, अंगठ्यापुरती. अंगठा उमटेपर्यंत ती किती वेळा आली, किती वेळा रिकामी पिशवी घेऊन परत गेली, कोणाकडे पोर ठेवून आली, किती रोज बुडवले, याला रकाना नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. पुरवठ्याची व्यवस्था भरवशाची आहे की नाही हे गोदामाच्या दारात मोजता येत नाही. ते बाईच्या उंबऱ्यावर मोजावे लागते. आणि उंबऱ्यावरच्या मापाला आपल्या भाषेत शब्द फार पूर्वीपासून आहे : हेलपाटा.

मी नगर जिल्ह्यात गेली दहा-बारा वर्षे काम करते आहे. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. वाड्यावस्त्यांवर अजून नगरच.) क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. पश्चिमेला अकोल्याचा डोंगरी आदिवासी पट्टा. तिथे घाटघर-रतनवाडीकडे पावसाळा सुरू झाला की रस्ता, वीज आणि फोनची रेंज तिन्ही एकदम जातात. उत्तरेला कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरचा कालव्याचा आणि उसाचा मुलूख. पूर्वेला-दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, जिथे ढग नुसते बघायला येतात आणि दसरा झाला की गावेच्या गावे कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. एकाच जिल्ह्यात तीन जिल्हे राहतात. पण अहवालात टक्केवारी एकच लिहिली जाते, जिल्ह्याची. राहात्याच्या डांबरी रस्त्यावरच्या दुकानाने डोंगरावरच्या दुकानाचे पाप त्या सरासरीत धुऊन निघते.

एका वाडीवर बैठकीला गेले होते. दुकान खाली मोठ्या गावात, डोंगर उतरून. एका मावशींना सहज विचारले, या महिन्याचे धान्य मिळाले का? त्या म्हणाल्या, “मिळालं की ताई. मिळतंच. कवा मिळंल त्ये सांगता येत न्हाई, येवढंच.” मग हिशोब मांडला. पहिल्या खेपेला दुकान बंद होते. दुसऱ्या खेपेला माल आलेला नव्हता. तिसऱ्या खेपेला माल होता पण मशिनला रेंज नव्हती. चौथ्या खेपेला रेंज होती, अंगठा लागेना. मग सुनेला घेऊन पाचव्यांदा गेल्या. सरकारच्या दफ्तरी या घराची नोंद काय? वितरण झाले. तक्रार नाही. शंभर टक्के.

“मिळतंच, कवा मिळंल सांगता येत नाही” या वाक्यात सगळा विषय आला. एम.एस.डब्ल्यू. करताना संख्याशास्त्राच्या तासाला मूल्यमापनाचे निर्देशांक शिकवले, पण इतकी नेमकी व्याख्या तिथे कोणी दिली नव्हती. मिळणे वेगळे आणि भरवसा वेगळा. बाई आठवड्याची आखणी करते ती भरवशावर. दहा तारखेला गहू येणार हे पक्के असेल तर ती पाच तारखेला उसनवारी करत नाही, दुकानदाराकडून चढ्या भावाने दोन किलो पीठ घेत नाही, खुरपणीचा रोज सोडत नाही. तारीख पक्की नसेल तर तेच धान्य, तेवढेच धान्य, अर्ध्या किमतीचे होते. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हाच.

इथे कोणी म्हणेल, खेड्यात, डोंगरात हे असेच चालायचे. एवढ्या लांबच्या साखळीत वक्तशीरपणा आणणार कुठून? या युक्तिवादाचा मला मनापासून राग आहे, कारण त्याचे उत्तर याच जिल्ह्यात रोज पहाटे दिसते. संगमनेर, राहुरी, पारनेर, कुठल्याही गावात पहाटे दूध संकलन केंद्रावर जाऊन उभे राहा. केंद्र उघडे असते. काटा चालू असतो. फॅट मोजली जाते, एस.एन.एफ. मोजले जाते, चिठ्ठी हातात पडते. टेम्पो ठरल्या वेळेला येतो, कारण उशीर झाला तर दूध नासेल. संध्याकाळी पुन्हा तेच. पावसात, लग्नसराईत, निवडणुकीच्या दिवशीही. साखर कारखान्यांचे तर विचारूच नका. हंगामात कुठल्या टोळीचा ऊस कुठल्या गाडीतून किती वाजता काट्यावर चढला याची नोंद कारखान्याकडे असते, कारण तुटलेला ऊस वाळला की उतारा घटतो.

म्हणजे रस्ता तोच, गाव तेच, माणसे तीच. जेव्हा माल गावातून शहराकडे जातो तेव्हा साखळी मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवते. तोच रस्ता जेव्हा शहरातून गावाकडे, गरीब बाईच्या चुलीकडे यायचा असतो, तेव्हा “या महिन्यात कधीतरी” हे वेळापत्रक पुरते. दुधाला नासण्याचा हक्क आहे, म्हणून त्याची वेळ मोजली जाते. बाईची वेळ नासत नाही असे व्यवस्थेने गृहीत धरले आहे. घरकामाला मोल नाही असे आपण शिबिरांतून वर्षानुवर्षे सांगत आलो. रांगेत उभे राहणे हेही घरकामच आहे, फक्त घराबाहेर केलेले, आणि सरकारी व्यवस्था त्याच्यावर फुकटात चालते. गोदाम वेळेवर चालत नाही, ट्रक वेळेवर येत नाही, सर्व्हर वेळेवर उठत नाही, तरी महिनाअखेर आकडा शंभर टक्के येतो, कारण मधली सगळी भगदाडे बाईच्या पायपिटीने बुजवलेली असतात.

थोडा हिशोब करू. धान्य घरात येण्यासाठी काय काय जमून यावे लागते? नियतनाचा आदेश वेळेत निघाला पाहिजे. गोदामात साठा पाहिजे. वाहतूक ठेकेदाराचा ट्रक, हमाल पाहिजेत. दुकान उघडे पाहिजे. यंत्र, वीज आणि सर्व्हर चालू पाहिजे. आणि शेवटी अंगठा जुळला पाहिजे. सहा दुवे. समजा प्रत्येक दुवा दहांपैकी नऊ वेळा नीट चालतो. परीक्षेत नव्वद टक्के म्हणजे पेढे वाटायचे गुण. पण बाईला सहाही दुवे एकाच दिवशी नीट लागतात. नव्वद टक्क्यांचे नव्वद टक्के, त्याचे पुन्हा नव्वद टक्के, असे सहा वेळा करा. हाती येतात शंभरातले त्रेपन्न. म्हणजे सगळी खाती आपापल्या टेबलावर प्रथम श्रेणीत पास, आणि बाई निम्म्या वेळा रिकाम्या हाताने परत. आढावा बैठकीत प्रत्येक अधिकारी खरेच बोलत असतो, ही यातली गंमत. कोणी खोटे बोलत नाही आणि धान्य मात्र मिळत नाही.

हे झाले सरळ गणित. प्रत्यक्षात दुवे असे सारखे वाटून तुटत नाहीत. घाटात दरड आली की ट्रक थांबतो, वीज जाते, रेंज जाते, सगळे एकदम. म्हणून नापास महिने सगळ्या गावांना सारखे येत नाहीत, तेच ते गाव, तोच तो हंगाम पुन्हा पुन्हा नापास होतो. सरकारला हे माहीत नाही असे नाही. आदिवासी भागासाठी १९९५ पासून नवसंजीवनी योजना आहे, पावसाळ्याआधीच चार महिन्यांचे धान्य दुर्गम गावांत पोचवायचे असा तिचा नेम. म्हणजे साखळी कुठे आणि कधी तुटते हे तीस वर्षांपूर्वी शासनाने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या गावांचा आकडा वेगळा काढून दर महिन्याला छापा, एवढेच आपण म्हणायचे.

आता यंत्राबद्दल. मी यंत्राच्या विरोधात नाही. एकेकाळी काय चालत होते ते विसरता येत नाही. २००५ साली नियोजन आयोगाच्या मूल्यमापन अहवालाने म्हटले होते की केंद्राच्या साठ्यातून निघालेल्या स्वस्त धान्यापैकी ५८ टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपर्यंत पोचतच नाही. ट्रक परस्पर बाजारात जात, मेलेल्या माणसांच्या नावावर साखर उचलली जाई, बाईला “माल आला नाही” एवढेच ऐकू येई. दुकानात ई-पॉस यंत्र बसल्यावर निदान किती अंगठे लागले हे कळू लागले, आणि महाराष्ट्रात प्रत्येक दुकानाचा व्यवहार संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो. ही मोठी गोष्ट आहे, आणि ती सहजासहजी मिळालेली नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेली अन्न अधिकाराची याचिका आणि तिच्यामागे गावोगाव उभ्या राहिलेल्या संघटना, यांनी ती मिळवली.

पण चोरी मोजणे म्हणजे भरवसा मोजणे नव्हे. यंत्र चोर पकडायला बसवले आणि त्याचा संशय बाईवर. काम करून झिजलेला अंगठा, ऊसतोड करणारीचा, वीटभट्टीवरचीचा, भांडी घासणारीचा, यंत्राला ओळखू येत नाही. न जुळलेल्या अंगठ्यांची गावकीला दिसेल अशी नोंद कुठे लागत नाही, लागते ती फक्त जुळलेल्यांची. २०२४ मध्ये राज्यभर सर्व्हरने मान टाकली, लोक दुकानाबाहेर दिवसच्या दिवस बसले. पुढे ई-केवायसी आली. मुदत ठरली, वाढली, पुन्हा वाढली. प्रत्येक मुदतवाढ हा सरकारी भाषेत दिलासा असतो. वाडीवरच्या बाईच्या भाषेत तो आणखी एक हेलपाटा असतो.

कायदा काय म्हणतो? २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा महाराष्ट्रात २०१४ च्या सुरुवातीपासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. २०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य मोफत आहे. कायद्याच्या तेराव्या कलमानुसार शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई असली पाहिजे. कार्डावर बाई प्रमुख झाली याचा आपल्याला आनंद झाला होता, मलाही झाला होता. पण प्रमुखपणाबरोबर रांगही तिच्याच नावावर लागली, हे पाहिल्याशिवाय राहवत नाही.

आठवे कलम आपल्याकडच्या फार थोड्या कार्यकर्त्यांनी वापरलेले आहे. हक्काचे धान्य मिळाले नाही तर सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. २०१५ च्या नियमांप्रमाणे हमीभावाच्या सव्वापटीतून स्वस्त धान्याची किंमत वजा करून जे येईल ते, न मिळालेल्या किलोंच्या हिशोबाने, पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. २०२५-२६ साठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. त्याची सव्वापट करून दोन रुपये वजा केले तरी किलोमागे अठ्ठावीस रुपये येतात. वीस किलो गहू बुडाला तर साडेपाचशेच्या वर. ही भीक नाही, दंड आहे, सरकारने स्वतःला लावून घेतलेला. मग तो मिळालेला कोणाला बघितला आहे का? मी ज्या गावांत फिरते तिथे एकाही बाईने भत्त्याचे नाव ऐकलेले नव्हते.

आणि इथेच खोच आहे. नियमांत असेही आहे की कुटुंबाने दुकानात जाऊन धान्य मागितलेच नाही तर भत्ता नाही. वरवर रास्त वाटते. पण बाई चार वेळा गेली आणि दुकान बंद होते, तर ती गेली होती याचा पुरावा काय? बंद दाराला अंगठा लावता येत नाही. यंत्राच्या लेखी ती आलीच नाही. एका तालुक्याच्या पुरवठा शाखेत आम्ही बायका घेऊन गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवून सांगितले, “यांनी धान्य घेतलेले नाही, याचा अर्थ यांना गरज नाही.” सोबतच्या बायकांपैकी एकीने तिथेच पायातली चप्पल काढून तिचा झिजलेला तळ त्यांच्या टेबलावर ठेवला. कोणी काही बोलले नाही. पण चप्पल हा काही नियमात बसणारा पुरावा नव्हे, म्हणून भत्ता काही मिळाला नाही.

आता सांगते की हेलपाट्याचा सर्वांत मोठा घाव कोणावर बसतो. आपल्या चळवळीच्या दृष्टीने हा मला या सगळ्यातला कळीचा मुद्दा वाटतो. एक हेलपाटा सगळ्या घरांना सारखाच पडतो, पंचवीस किलोसाठी जा की दहा किलोसाठी जा. पाच माणसांच्या घराला पंचवीस किलो मिळतात, तिथे एक रोज बुडाला तरी परवडते. पण टाकलेली बाई आणि तिचे एक मूल, त्यांना मिळतात दहा किलो. वरच्या अठ्ठावीस रुपयांच्या भावाने त्याची किंमत २८० रुपये. २०२४-२५ साली राज्यात रोजगार हमीचा रोज होता २९७ रुपये. म्हणजे एका दिवसाचा एक हेलपाटा आणि मोफत धान्य बाजारापेक्षा महाग झाले. दुसरा हेलपाटा घालण्यापेक्षा ती घरी बसते. तीन महिने बसली की साहेब म्हणतात, गरज नाही. सलग उचल नाही म्हणून कार्ड बंद पडण्याची टांगती तलवार वेगळीच.

याच जिल्ह्यात संगमनेरला १९८८ साली समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली होती. टाकलेल्या बायकांना स्वतंत्र रेशनकार्ड मिळावे ही त्या लढ्यातली एक ठळक मागणी. नवऱ्याच्या कार्डावर नाव, नवरा दुसरीबरोबर, आणि ही माहेरच्या पडवीत, असा तो प्रश्न होता. स्वतंत्र कार्डासाठी ज्या बायका झगडल्या त्यांना आपण आज नुसते कार्ड देऊन मोकळे होणार का? कार्ड हा परवाना झाला. त्यावर दर महिन्याला एका खेपेत धान्य येते की नाही हा त्याच मागणीचा पुढचा भाग आहे. जुन्या कार्यकर्त्यांना हे सांगायला लागत नाही. १९७२ च्या दुष्काळातली मिलोची लाल भाकरी आणि त्याच सुमाराला मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने निघालेला लाटणे मोर्चा, यांची नावे निघाली की त्या आजही तावातावाने बोलू लागतात. भाव आणि रेशन हा बायकांच्या राजकारणाचा विषय होता. मधल्या काळात तो “कल्याणकारी योजनां”च्या फायलीत गेला आणि आपणही त्याला तिथे जाऊ दिले.

ऊसतोड कामगार बायकांचे वेगळेच. कार्ड पाथर्डीच्या गावात, बाई सहा महिने कोल्हापूर-सांगलीच्या फडावर. आता कुठूनही धान्य घेता येते, एक देश एक रेशनकार्ड. कागदावर चोख. पण फडाजवळच्या दुकानाचे नियतन तिथल्या कार्डांवर ठरलेले, तिथला दुकानदार म्हणतो आधी आमच्या गावचे, उरले तर बघू. कोपीपासून दुकान किती लांब, तोडीला पहाटे तीनला उठणारी बाई दुकानाच्या वेळेत जाणार कधी, हे विचारणारे कोणी नाही. घरी म्हातारी असेल तर ती आपला वाटा घेते, बाकीच्यांचा प्रश्न तसाच लोंबकळतो.

टँकरचेही असेच आहे, पण त्यावर लिहायला वेगळा लेख लागेल. एवढेच सांगते की टँकरच्या अहवालात निदान दोन रकाने असतात, मंजूर खेपा आणि प्रत्यक्ष खेपा. २०१९ च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यात टँकर आठशेच्या घरात गेले होते तेव्हा त्या दोन आकड्यांतल्या फरकावर गावोगाव भांडणे झाली, आणि आकडा होता म्हणूनच भांडता आले. धान्याला असा दुसरा रकाना नाही.

या सगळ्यावर शहाण्या लोकांनी काढलेला तोडगा आपल्याला माहीत आहे : धान्य बंद करा, पैसे खात्यात टाका. चंडीगड आणि पुदुच्चेरीत २०१५ पासून ते सुरू झाले. आपल्या राज्यात शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते, ते थांबवून २०२३ मध्ये माणशी महिना दीडशे रुपये सुरू केले. (त्या चौदांत नगर नव्हते. पाथर्डी-जामखेडचा दुष्काळ बहुधा त्यांच्या नकाशात बसत नव्हता.) पुरवठ्याची साखळी बेभरवशाची आहे हे कारण दाखवून साखळीच मोडायची, हा दवाखान्यात डॉक्टर येत नाही म्हणून दवाखाना पाडण्यातला प्रकार. बँक काय उंबऱ्यावर येते? तिथेही सर्व्हर आहे, तिथेही अंगठा आहे, तिथेही “उद्या या” आहे. आणि पैसे आले की ते कोणाच्या हातात जातात हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. गहू गुत्त्यावर विकायला निदान पिशवी उचलून न्यावी लागते.

आपल्यातल्याही काही मैत्रिणी म्हणतात, हिंसाचाराच्या केसेस एवढ्या पडून आहेत, तू रेशनच्या तारखा काय मोजत बसतेस? मी त्यांना एवढेच विचारते की मारहाणीनंतर बाई घर सोडू शकत नाही त्याच्या कारणांत “खाणार काय” हे कितवे येते? आमच्या केंद्रावर येणाऱ्या बायका ते पहिल्या दमात सांगतात.

दुकानदार चोर, ही घोषणा द्यायला सोपी आहे आणि पुष्कळदा खरीही असते. पण २००७ च्या शासन निर्णयानंतर बचत गटांना दुकाने मिळाली, आणि आज काउंटरच्या दोन्ही बाजूंना बाया आहेत. गटाच्या दुकानातल्या बायकांशी बोला. ट्रक रात्री येतो, पोत्यात तूट येते, ती त्यांच्या माथी, सर्व्हर बंद पडला की शिव्या त्यांना. क्विंटलमागे दीडशे रुपये कमिशन कित्येक वर्षे तेवढेच होते, २०२५ मध्ये ते १७० करायचा निर्णय झाला. साखळीचा वरचा भाग न मोजता शेवटच्या दुव्यावर काठी चालवली की बाईविरुद्ध बाई उभी राहते. अंगणवाडीच्या पोषण आहाराच्या ठेक्यात आपण हे बघितले आहे. महिला मंडळांच्या, बचत गटांच्या नावाने कोट्यवधींची कंत्राटे, आणि निविदेच्या अटी अशा की खऱ्या छोट्या गटाला दारच बंद. ६,३०० कोटींचे ते कंत्राट सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या फेब्रुवारीत रद्द केले. तिथेही पोचलेली पाकिटे मोजली जात होती. पोर ते खाते का, कोंबड्यांना जाते, हे आईला विचारले गेले नाही.

तर मोजायचे काय आणि कोणी? मोजणारी संस्था बाहेरून आणायची गरज नाही. घरोघर भिंतीवर कालनिर्णय असते आणि त्यावर बायका दुधाचा हिशोब, गॅसची टाकी लावल्याची तारीख, पाळीची तारीख लिहितातच. रेशनसाठी घरातून निघाले की त्या तारखेला एक काडी मारायची. धान्य मिळाले त्या दिवशी काडीभोवती गोल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही हे जमते. गोलाआधीच्या काड्या हा त्या महिन्याचा आकडा. परत आलो तर कारण एका अक्षरात : बंदला ब, माल नाही तर मा, सर्व्हरला स, अंगठ्याला अं. कारण लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण त्यावरूनच कुठला दुवा तुटला आणि कोणाच्या टेबलावर जाऊन बसायचे ते ठरते. ब असेल तर दुकानदार, मा असेल तर गोदाम आणि वाहतूक ठेकेदार, स आणि अं असेल तर थेट जिल्हा. दुकानाच्या पाटीवर साठा आणि वेळ लिहिलेली असायला हवी, ती नसेल तर तेही. वजन घरी आल्यावर शेजारच्या काट्यावर एकदा करून बघावे, दर महिन्याला नको, कंटाळा येतो आणि मग सगळेच सुटते.

गटाच्या मासिक बैठकीत सगळ्यांनी कॅलेंडरचे पान आणायचे आणि सरासरी काढायची नाही. हे मी मुद्दाम सांगते. सरासरी काढली की पुन्हा तेच होईल, नाक्यावरच्या घराने वाडीवरचे घर झाकून टाकील. सर्वांत जास्त काड्या कोणाच्या पानावर आहेत ते बघायचे, आणि गावाचा आकडा म्हणून तोच सांगायचा. गावाचा भरवसा म्हणजे गावातल्या शेवटच्या घराचा भरवसा. बहुतेक ठिकाणी ते घर एकट्या बाईचे, आदिवासी वस्तीवरचे किंवा पारध्याच्या पालावरचे निघेल. निघाले की ती बाई आपल्या गटात आहे का हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

दक्षता समितीत महिला असल्याच पाहिजेत असे कायद्याचे एकोणतिसावे कलम सांगते. समितीवरची आपली बाई फक्त सही करायला जाते की काय, ते तपासा. पाने तिच्या हातात द्या. तक्रार १९६७ या क्रमांकावर नोंदवता येते आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी देता येते. चार काड्यांच्या वर गेलेल्या प्रत्येक महिन्यासाठी आठव्या कलमाखाली भत्त्याचा अर्ज करायचा, कॅलेंडरच्या पानाची झेरॉक्स जोडून. पहिले अर्ज फेटाळले जातील. फेटाळल्याचे लेखी उत्तर मागायचे, कारण ते घेऊनच राज्य अन्न आयोगाकडे जाता येते.

आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांपैकी जी ग्रामसभा जवळ असेल तिच्यात एकच ठराव मांडायचा : आमच्या गावच्या दुकानाचा महिन्याचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल तेव्हा त्यात नियतन, उचल, वितरण आणि शिल्लक यांच्या पुढे पाचवा रकाना असेल, हेलपाटे. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) सांगतील की असा नमुना वरून आलेला नाही. त्यांना म्हणावे, नमुना आम्ही खालून देतो. ठराव प्रोसीडिंग बुकात उतरेपर्यंत उठायचे नाही, आणि शिक्का मारलेली प्रत घेऊनच घरी यायचे.